कचऱ्याच्या टोपलीतला कागद आणि 'विचारवंतां'चा जन्म

मराठीत 'विचारवंत' हा शब्द साधा लिहिला तर मान असतो आणि अवतरणचिन्हांत टाकला तर टोमणा. एखाद्या लेखकाने किंवा प्राध्यापकाने सरकारविरोधी पत्रकावर सही केली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "आले विचारवंत! तुम्ही कादंबऱ्या लिहा ना, तुम्हाला यातलं काय कळतं?"

हाच सवाल १८९८ साली पॅरिसमध्ये विचारला गेला होता. फ्रेंच भाषेतला 'अँतेलेक्त्युएल' हा शब्द त्याआधी क्वचितच कुणी वापरायचं. माणसांच्या एका गटाचं नाव म्हणून तो रुळला तो या वर्षी, आणि तोही बराचसा शिवी म्हणून. ज्या भांडणातून हे झालं त्याला फ्रान्समध्ये नुसतं 'लाफेर', म्हणजे 'ते प्रकरण', एवढं म्हटलं तरी पुरतं. आपण त्याला द्रेफ्यूस प्रकरण म्हणतो.

नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण त्यातल्या कागदपत्रांचा गुंता असा आहे की निम्म्यावरच वाचणारा नाद सोडतो. तेव्हा माणसं बाजूला ठेवून कागदांच्याच मागे जाऊ. एक फाटका, एक निळा, एक खोटा आणि एक छापील.

फाटका आणि निळा

पॅरिसमधल्या जर्मन वकिलातीत झाडलोट करणारी एक बाई फ्रेंच हेरखात्यासाठी काम करायची. जर्मनीचा लष्करी प्रतिनिधी श्वार्त्झकोपेन याच्या टोपलीतले कपटे ती गुपचूप पोचवायची. सप्टेंबर १८९४ मध्ये अशाच फाटक्या तुकड्यांतून एक चिठ्ठी जुळली. खाली सही नव्हती. आपण कोणकोणती लष्करी माहिती पाठवत आहोत याची ती यादी होती : १२० मिलिमीटर तोफेचा हायड्रॉलिक ब्रेक वगैरे. म्हणजे फ्रेंच लष्करात कुणीतरी घरभेदी होता.

माहिती तोफखान्याची आणि निरनिराळ्या विभागांतली दिसते, तेव्हा हा माणूस तोफखान्याचा आणि मुख्यालयात सगळीकडे फिरून शिकणारा असणार, असा तर्क अधिकाऱ्यांनी लढवला. अशा मोजक्या नावांत कॅप्टन आल्फ्रेद द्रेफ्यूस हे एक होतं. वय ३५, श्रीमंत गिरणीमालकाचा मुलगा, जन्म आल्सास प्रांतातल्या म्यूलूझचा, धर्माने ज्यू. १८७०-७१ च्या युद्धात जर्मनीने फ्रान्सला लोळवून आल्सास तोडून घेतला होता. द्रेफ्यूसच्या घरच्यांनी फ्रेंच नागरिकत्व निवडलं, आणि पोरगा लष्करात गेला तो त्याच जखमेपायी. पण संशय घेणाऱ्याला याच गोष्टी उलट्याही वाचता येतात. आल्सासचा आहे, ज्यू आहे, म्हणजे आतून जर्मनांचाच.

हस्ताक्षर थोडं जुळत होतं, थोडं नव्हतं. गुन्हेगारांची मापं घेऊन ओळख पटवण्याची पद्धत बसवणाऱ्या बेर्तियोंला विचारलं गेलं. हस्ताक्षर हा काही त्याचा विषय नव्हता. त्याने सिद्धांत मांडला की द्रेफ्यूसने मुद्दाम स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली आहे. म्हणजे अक्षर जुळतं तिथे ते त्याचं, आणि जुळत नाही तिथे तर नक्कीच त्याचं! अशा तर्काला उत्तर देणार तरी काय?

डिसेंबर १८९४ मध्ये लष्करी न्यायालयात बंद दाराआड खटला चालला. पुरावा लंगडा होता, म्हणून युद्धखात्याने न्यायाधीशांच्या हाती एक गुप्त पुडकं दिलं. आपल्याकडे सीलबंद लिफाफ्यावरून होणारी चर्चा ज्यांनी ऐकली आहे त्यांना यातली अडचण सांगायला नको. आरोपीला आणि त्याच्या वकिलाला ते पुडकं दाखवलंच नाही. त्यात दोन परदेशी अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात 'तो हरामखोर डी' असा उल्लेख होता. हा 'डी' कुणी भलताच होता, पण अक्षर तर 'डी'च होतं ना! सातही न्यायाधीशांनी द्रेफ्यूसला दोषी ठरवलं.

५ जानेवारी १८९५ रोजी 'एकोल मिलितेर' या लष्करी विद्यालयाच्या आवारात त्याचा लष्करी हुद्दा जाहीरपणे काढून घेतला गेला. गणवेशावरच्या फिती सहज उपटता याव्यात म्हणून आधीच उसवून ठेवल्या होत्या, आणि तलवार एका झटक्यात मोडावी म्हणून आधीच कानशीने घासून ठेवली होती. त्या कवायतीचा हा तपशील मला प्रत्येक वेळी अस्वस्थ करतो. इतकी काटेकोर तयारी खटल्याच्या वेळी मात्र कुणाला सुचली नाही. द्रेफ्यूस ओरडत राहिला की मी निर्दोष आहे, फ्रान्सचा विजय असो, लष्कराचा विजय असो. कुंपणाबाहेरची गर्दी ज्यूंना ठार मारा म्हणून ओरडत होती. गर्दीपासून जरा अंतरावर व्हिएन्नाच्या एका वृत्तपत्राचा वार्ताहर टिपणं घेत होता. त्याचं नाव थिओडोर हर्झल. आपण ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या विचाराकडे वळलो ते हे पाहून, असं त्याने पुढे सांगितलं. व्हिएन्नातल्या राजकारणाचाही त्यात मोठा वाटा होता, पण ते असो.

द्रेफ्यूसची रवानगी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाच्या किनाऱ्याजवळ, डेव्हिल्स आयलंड या खडकाळ बेटावर झाली. तिथे तो चार वर्षं एकटा राहिला. पहारेकऱ्यांना त्याच्याशी बोलायची मनाई होती. १८९६ मध्ये तो पळाल्याची खोटी बातमी उठली, तेव्हा काही आठवडे रात्री त्याचे पाय खाटेला बेड्यांनी जखडले आणि झोपडीभोवती उंच कुंपण घातलं, समुद्रही दिसू नये म्हणून.

इकडे मार्च १८९६ मध्ये हेरखात्याचा नवा प्रमुख पिकार याच्याकडे टोपलीतून दुसरा कागद आला. पॅरिसमध्ये तेव्हा हवेच्या दाबाने नळ्यांतून चिठ्ठ्या पाठवायची सोय होती, आणि त्या निळसर कार्डाला लोक 'पती ब्ल्यू', छोटं निळं, म्हणत. हे कार्ड फाडून टाकलेलं होतं. पत्ता होता मेजर एस्तेराझी याचा. गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला, जुगारी, लष्कराला शिव्या देणारा अधिकारी. पिकारने त्याची पत्रं मागवली आणि १८९४ च्या चिठ्ठीशेजारी ठेवली. अक्षर तंतोतंत तेच.

पिकार काही ज्यूंचा कैवारी नव्हता, त्यांच्याबद्दल त्याचं मत त्या काळच्या कुठल्याही अधिकाऱ्यासारखंच कडवट होतं. म्हणूनच मला तो या सगळ्या गोष्टीतला सर्वांत रोचक माणूस वाटतो. त्याच्या साक्षीनुसार वरिष्ठाने त्याला विचारलं, तो ज्यू तिथे बेटावर राहिला तर तुमचं काय बिघडतं? पिकारने हे गुपित आपल्याबरोबर थडग्यात न्यायला नकार दिला. त्याची बदली ट्युनिशियाला झाली.

खोटा

पिकारच्या हाताखालच्या मेजर आँरीला वाटलं की पुरावा नाही हीच काय ती अडचण आहे, आणि ती दूर करता येते. त्याने इटलीच्या लष्करी प्रतिनिधीचं एक खरं पत्र घेतलं, त्याचा वरचा आणि खालचा भाग ठेवला आणि मधे आपल्याला हवा तो मजकूर चिकटवला. त्यात द्रेफ्यूसचं नाव अगदी ठळक. वरिष्ठ खूश झाले.

दरम्यान द्रेफ्यूसच्या भावाने, मात्यूने, हार मानली नव्हती. एका वृत्तपत्रात मूळ चिठ्ठीचं छायाचित्र छापून आलं होतं. एका दलालाने ते अक्षर ओळखलं, कारण एस्तेराझी त्याचं गिऱ्हाईक होता. एस्तेराझीचं नाव फुटलं तेव्हा लष्कराने त्याच्यावरही खटला भरला आणि ११ जानेवारी १८९८ रोजी काही मिनिटांतच एकमुखाने निर्दोष सोडलं. बाहेर लोकांनी त्याचा जयजयकार केला.

छापील

दोन दिवसांनी, १३ जानेवारीला, 'लोरोर' या दैनिकाच्या पहिल्या पानावर राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर यांच्या नावे एमिल झोलाचं अनावृत पत्र आलं. 'जाक्यूझ', म्हणजे 'मी आरोप करतो', हा मथळा संपादक मंडळातल्या क्लेमाँसोने दिला. त्या दिवशी या बेताच्या खपाच्या पत्राच्या दोन-तीन लाख प्रती निघाल्या.

हे शक्य कसं झालं, हे पाहण्यासारखं आहे. १८८१ च्या कायद्याने फ्रेंच वृत्तपत्रं जवळजवळ बंधनमुक्त झाली होती. त्याच सुमारास प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. म्हणजे १८९८ मध्ये वाचता येणारी एक आख्खी नवी पिढी होती आणि पाच सेंटीमला, अगदी चिल्लर पैशात, दैनिक मिळत होतं. पण या स्वातंत्र्याचा फायदा फक्त झोलाला मिळाला असं समजू नका. 'ला लिब्र पारोल'सारखं उघड ज्यूद्वेष्टं दैनिक आणि 'ला क्र्वा' हे कॅथलिक दैनिक याच मोकळीकीवर फोफावलं होतं. दहा लाखांच्या घरात खप असलेलं 'ल पती जुर्नाल' लष्कराच्या बाजूचं होतं. झोलाची बाजू खपाच्या हिशेबात बरीच लहान होती.

झोलाच्या पत्राला लोक भावनेचा उद्रेक समजतात. खरं तर ती कायद्यातली खेळी होती. द्रेफ्यूसचं प्रकरण लष्करी न्यायालयात गाडलं गेलं होतं. ते मुलकी न्यायालयात, ज्यूरीसमोर, उघड्यावर आणायचं असेल तर कुणीतरी अब्रुनुकसानीचा खटला ओढवून घ्यायला हवा होता. म्हणून झोलाने सेनाधिकाऱ्यांची नावं घेऊन आरोप केले आणि कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमांखाली माझ्यावर खटला भरता येईल तेही पत्रात लिहून दिलं. सरकारनेही डोकं चालवलं. त्याने पत्रातली एवढीच ओळ पकडली की न्यायालयाने एस्तेराझीला हुकमावरून सोडलं. द्रेफ्यूसचा विषय निघाला की न्यायाधीशांचं ठरलेलं वाक्य यायचं : हा प्रश्न विचारला जाणार नाही. झोलाला एक वर्ष कैद आणि तीन हजार फ्रँक दंड झाला, आणि जुलैमध्ये तो लंडनला निघून गेला.

आणि हो, पत्रात चुकाही होत्या. झोलाने सगळ्या कारस्थानाचा सूत्रधार म्हणून दुसऱ्याच अधिकाऱ्याकडे बोट दाखवलं. खोटं पत्र बनवणारा आँरी त्याच्या लक्षातच आला नव्हता.

सह्या करणारे

१४ जानेवारीपासून 'लोरोर'मध्ये द्रेफ्यूस खटल्याच्या फेरतपासाची मागणी करणाऱ्या निवेदनावरच्या सह्या छापल्या जाऊ लागल्या. कादंबरीकार आनातोल फ्रान्स, चित्रकार क्लोद मोने, पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक एमिल द्युक्लो. सव्वीस वर्षांचा मार्सेल प्रूस्त सह्या गोळा करत फिरत होता. प्राध्यापक, विद्यार्थी आपल्या पदव्या नावापुढे लिहीत होते. क्लेमाँसोने या लोकांना कौतुकाने 'अँतेलेक्त्युएल' म्हटलं. १ फेब्रुवारीला मोरिस बारेस या लेखकाने तोच शब्द उचलून त्यांची रेवडी उडवली. चार बुकं शिकलेली, मातीशी नाळ तुटलेली माणसं, असा त्याचा सूर. समीक्षक ब्र्युनतिएर याने तर लिहिलं की कादंबरीकाराने लष्करी न्यायात नाक खुपसणं म्हणजे साहित्यातल्या स्वच्छंदतावादाच्या (रोमँटिसिझमच्या) उगमावर पोलिसी कर्नलने मत देण्यासारखं आहे.

हा टोला चांगला आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. केवळ कविता चांगली लिहिता येते म्हणून न्यायदानातलं कळतं असं थोडंच आहे? पण या प्रकरणापुरतं त्याला उत्तर होतं. खटला उभा होता तो एका हस्ताक्षरावर. जुनी हस्तलिखितं तपासून खरं-खोटं ठरवणारी माणसं पॅरिसच्या 'एकोल दे शार्त'मध्ये होती. त्यांचे संचालक पोल मेयेर झोलाच्या खटल्यात साक्षीला उभे राहिले. कागद वाचणं हा त्यांचा धंदा होता आणि तो सेनापतींपेक्षा त्यांना जास्त येत होता. समाजशास्त्रज्ञ द्युर्केम याने त्याच वर्षी यापुढे जाऊन लिहिलं, की शास्त्रज्ञाला सवय असते ती पुरावा पाहिल्याशिवाय मान न डोलावण्याची. ती सवय तो प्रयोगशाळेच्या दारात काढून ठेवू शकत नाही.

दुसऱ्या बाजूला अडाणी लोक होते, असा मात्र समज नको. बारेस आणि ब्र्युनतिएर स्वतः अस्सल बुद्धिजीवीच. फ्रेंच अकादमीचे बहुतेक सभासद लष्कराच्या बाजूला होते. त्यांचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर असं : जर्मनी सीमेवर बसला आहे, लष्कर हीच देशाची एकमेव अभंग संस्था उरली आहे. एका माणसासाठी तिची अब्रू चव्हाट्यावर आणायची का? तो निर्दोष असला तरी? समाजवाद्यांनीही आधी हात झटकले, हे भांडवलदारांचं आपसातलं भांडण आहे म्हणून. त्यांचा नेता जाँ जोरेस १८९८ च्या उन्हाळ्यात पूर्ण ताकदीने उतरला.

चित्रकारांत तर उभी फूट पडली. एकमेकांसोबत प्रदर्शनं भरवून ज्यांनी इम्प्रेशनिझम घडवला त्यांतले मोने आणि ज्यू असलेला पिसारो एका बाजूला, देगा आणि रेन्वार दुसऱ्या. देगाने पिसारोशी बोलणं टाकलं. आलेव्ही कुटुंबाकडे तो वर्षानुवर्षं जेवायला जायचा, तेही तोडलं. फेब्रुवारी १८९८ मध्ये 'फिगारो'त कारान दाशचं व्यंगचित्र आलं. वरच्या चौकटीत कुटुंब जेवायला बसलं आहे आणि यजमान बजावतो आहे की काही झालं तरी द्रेफ्यूसचा विषय काढायचा नाही. खालच्या चौकटीत टेबल उलटलं आहे, माणसं एकमेकांच्या उरावर आहेत, आणि खाली एवढंच लिहिलं आहे : 'त्यांनी विषय काढला.' घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'इथे राजकारण नको' अशी सूचना ज्यांनी वाचली आहे त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. जानेवारी-फेब्रुवारीच्या त्या दोन महिन्यांत फ्रान्सच्या अनेक शहरांत आणि अल्जीरियात ज्यूंची दुकानं फुटली, माणसं मारली गेली.

कंदिलाच्या उजेडात

जुलै १८९८ मध्ये युद्धमंत्री काव्हेन्याक याने वाद कायमचा मिटवायचं ठरवलं. त्याने आँरीचं ते पत्र अस्सल समजून संसदेत वाचलं. टाळ्यांच्या कडकडाटात ठराव झाला आणि ते भाषण गावोगावच्या नगरपालिकांच्या भिंतींवर डकवलं गेलं. म्हणजे बनावट पुरावा देशाने स्वतःच्या खर्चाने छापून वाटला.

महिनाभराने, १३ ऑगस्टच्या रात्री, कॅप्टन क्युइन्ये हा मंत्रालयातला अधिकारी दिव्याच्या उजेडात फाइल पुन्हा तपासत होता. तो द्रेफ्यूसच्या विरोधातलाच. पत्र चौकटीच्या रेघांच्या कागदावर होतं. दिव्याखाली त्याला दिसलं की वरच्या-खालच्या भागातल्या रेघांचा रंग वेगळा आणि मधल्या भागातल्या रेघांचा वेगळा. दोन कागद चिकटवले होते. ३० ऑगस्टला आँरीने कबुली दिली आणि दुसऱ्या दिवशी कोठडीत वस्तऱ्याने गळा कापून घेतला. एस्तेराझी मिशा उतरवून बेल्जियममार्गे इंग्लंडला पळाला.

आता तरी संपायला हवं ना? पण शार्ल मोरास नावाच्या तरुण लेखकाने लिहिलं की आँरीची बनावट ही देशसेवा होती. त्याच्या विधवेसाठी निधी जमवला गेला. सुमारे २५ हजार लोकांनी १ लाख ३१ हजार फ्रँक दिले. वर्गणीदारांत कवी पोल व्हालेरी होता. तीन फ्रँक, आणि पुढे शेरा : 'विचार न करता नव्हे.'

१८९९ मध्ये द्रेफ्यूसला परत आणून रेन शहरात पुन्हा लष्करी न्यायालयापुढे उभं केलं. ५ विरुद्ध २ मतांनी तो परत दोषी ठरला, पण 'सौम्य करणाऱ्या परिस्थितीत'. देशद्रोहात सौम्य परिस्थिती कसली असते हे कुणालाच सांगता आलं नाही. दहा दिवसांत नव्या राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरायचं होतं आणि परदेशांतून बहिष्काराची भाषा सुरू झाली होती. पूर्ण निर्दोष ठरायला मात्र १२ जुलै १९०६ उजाडावं लागलं.

या भांडणातून फ्रान्सला जे मिळालं त्यात मानवी हक्कांची पहिली मोठी संघटना आहे, १८९८ ची. प्रजासत्ताकाच्या बाजूचे पक्ष सत्तेवर घट्ट बसले, आणि चर्चचा शाळांवर व राजकारणावर असलेला पगडा मोडायचं त्यांनी मनावर घेतलं. ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने राज्य आणि चर्च वेगळे झाले. राज्य कुठल्याही पंथाला मान्यता देणार नाही, पगार देणार नाही, अनुदान देणार नाही. फ्रान्समध्ये 'लाइसिते', म्हणजे धर्मापासून अलिप्त राज्य, या शब्दावरून आजही जे रण माजतं त्याची मुळं इथे आहेत. आपला सर्वधर्मसमभाव ही वेगळी चीज आहे, दोन्हींना एकच शब्द लावला की घोळ होतो.

आणखी एक फळ अगदीच अनपेक्षित. द दिओं नावाचा मोटारींचा कारखानदार लष्कराच्या बाजूचा होता. तो ज्या क्रीडा दैनिकात जाहिराती द्यायचा त्याचा संपादक द्रेफ्यूसच्या बाजूचा निघाला. द दिओंने मित्रांना घेऊन १९०० मध्ये स्वतंत्र क्रीडा दैनिक काढलं. त्याचा खप वाढावा म्हणून १९०३ मध्ये एक अचाट सायकल शर्यत भरवली. तीच तूर द फ्रान्स. ते दैनिक पिवळ्या कागदावर छापलं जायचं, आणि आघाडीच्या स्वाराला पुढे पिवळी जर्सी आली.

झोलाने निकाल पाहिला नाही. सप्टेंबर १९०२ मध्ये धुराडं तुंबून, विषारी वायूने तो गेला. १९०८ मध्ये त्याच्या अस्थी पांथेओंमध्ये, राष्ट्राच्या थोरांशेजारी, ठेवल्या गेल्या. त्या समारंभात एका पत्रकाराने द्रेफ्यूसवर गोळ्या झाडल्या. दंडाला जखम झाली. ज्यूरीने त्या पत्रकाराला निर्दोष सोडलं. मोरास १९४५ मध्ये, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता त्या काळातल्या कृत्यांबद्दल जन्मठेप झाल्यावर, न्यायालयात ओरडला की हा द्रेफ्यूसचा सूड आहे. द्रेफ्यूस तेव्हा जिवंतही नव्हता. तो १९३५ मध्येच वारला होता आणि त्याची नात माद्लेन आउशवित्झमध्ये मेली होती.

१९८० च्या दशकात सरकारने द्रेफ्यूसचा पुतळा करवून घेतला. तो एकोल मिलितेरच्या आवारात, जिथे त्याची तलवार मोडली तिथे उभारायचा बेत होता. लष्कराने नकार दिला. पुतळा आधी तुइलरी बागेत राहिला, मग १९९४ मध्ये बुलव्हार रास्पायच्या कडेच्या एका छोट्या चौकात गेला. जून २०२५ मध्ये नॅशनल असेंब्लीने द्रेफ्यूसला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल करण्याच्या बाजूने एकमताने कौल दिला. चौकातला पुतळा मात्र अजून कॅप्टनचाच आहे. ताठ उभा, हातातली तलवार सलामीसाठी चेहऱ्यासमोर धरलेली, आणि ती मुठीच्या थोडी वर मोडलेली.